ठाण्यात चढून मुलुंड यायच्या आत: स्क्रीनप्ले पिच कसं करायचं

एकांकिका स्पर्धांच्या दिवसात ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर बसलात ना, तर दर तिसऱ्या माणसाकडे एक पिक्चर असतो. कोणाचा लिहून झालेला असतो, कोणाचा अर्धा, कोणाचा नुसताच डोक्यात, पण असतो. आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं, की दाखवायचा कोणाला आणि सांगायचा कसा, म्हणजेच पिच कसा करायचा. मी पण तिथलीच, दिवसा ऐरोलीला नोकरी आणि रात्री लिखाण, गेल्या काही वर्षांत अंधेरीच्या फिल्म कंपन्यांच्या ऑफिसांचे जिने बऱ्यापैकी झिजवलेत, दोन कामं मिळाली, बाकी सगळे नकार. त्यातून जे कळलं ते लिहितेय, तुमच्या निदान चार फेऱ्या वाचतील.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, मला ती फार उशिरा कळली. ज्याला तुम्ही गोष्ट ऐकवताय तो पिक्चर करायचा की नाही हे ठरवत नसतो. समोर बसलेला असतो डेव्हलपमेंट टीममधला, म्हणजे कंपनीसाठी गोष्टी ऐकून निवडणाऱ्यांपैकी एक मुलगा किंवा मुलगी, तो ऐकणार, मग क्रिएटिव्ह हेडला सांगणार, ती पैसेवाल्याला सांगणार, तो कदाचित घरी बायकोला सांगणार. म्हणजे तुमची गोष्ट तुमच्या पाठीमागे तीन-चार वेळा सांगितली जाणारे, आणि तिथे तुम्ही नसणार. म्हणून पिचिंग म्हणजे आपण भारी सांगणं नाही, तर समोरच्याला ती पुढे सांगता येईल अशी करून देणं. खाली जे काही सांगतेय ते सगळं यासाठीच आहे.

आधी लिहून संपवा

नवीन माणसाची नुसती आयडिया कोणी घेत नाही. नावाजलेला लेखक चहा पिता पिता दोन वाक्यं बोलला तर त्याला साइनिंग अमाउंट मिळते, आपल्याला नाही मिळत, रडून उपयोग नाही. पिक्चर असेल तर पूर्ण स्क्रिप्ट तयार पाहिजे, ज्याला इंडस्ट्रीत बाउंड स्क्रिप्ट म्हणतात. सिरीज असेल तर पहिल्या एपिसोडचं स्क्रिप्ट आणि बायबल, म्हणजे पात्रं कोण, जग कसं, कुठल्या एपिसोडला काय घडतं हे सगळं असलेलं डॉक्युमेंट.

फॉरमॅटबद्दल फार ताण घेऊ नका. कुरियर फॉन्ट, १२ पॉइंट, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा जगभरचा हिशोब. आपल्याकडे अजून कितीतरी जण डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद असं दोन कॉलममध्ये लिहितात, ते पण चालतं. संवाद देवनागरीत की रोमनमध्ये हे मात्र पाठवायच्या आधी विचारून घ्या, कारण वाचणारा मराठी असेलच असं नाही.

लॉगलाइन, इथे वेळ घालवा

लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात, फार तर दोन वाक्यांत गोष्ट. यावर मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय म्हणून माझंच उदाहरण देते (स्क्रिप्ट रजिस्टर केलेलं आहे, बिनधास्त वाचा). माझी पहिली लॉगलाइन होती, "बदलत्या शहरात एका स्त्रीच्या एकटेपणाची आणि जिद्दीची हृदयस्पर्शी कहाणी". आता सांगा, यात गोष्ट कुठे आहे? हे वाक्य कुठल्याही दहा पिक्चरना चिकटवता येईल. हृदयस्पर्शी आहे की नाही ते ऐकणारा ठरवेल, आपण काय आधीच सर्टिफिकेट द्यायचं.

नंतरची अशी झाली: "नौपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट एका सहीसाठी अडलंय, आणि ज्याची सही पाहिजे तो माणूस तीन वर्षांपूर्वीच गावाला वारलाय, पण हे फक्त त्याच्या बायकोला माहितीय कारण ती अजून त्याची पेन्शन घेतेय."

बघा, कोण आहे ते कळलं, तिला काय लपवायचंय ते कळलं, अडचण काय ते कळलं, आणि मुख्य म्हणजे ऐकणारा मनातल्या मनात "मग पुढे?" म्हणतो. तुमची लॉगलाइन कोणाला सांगा आणि तो "छान आहे" म्हणाला तर ती फसली समजा, "मग?" म्हणाला तर जमली. थीम, संदेश, समाजाला आरसा वगैरे यात घालू नका, आणि पात्रांची नावं पण नको, नावापेक्षा "रिटायर्ड कंडक्टर", "दहावी नापास मुलगी" हे लक्षात राहतं.

कागद किती करायचे

एक लॉगलाइन, एक पानभर सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, ज्याला वनपेजर म्हणतात, आणि चार-पाच पानांची मोठी सिनॉप्सिस. बस. वनपेजरमध्ये शेवट लिहा! नवीन लोक "शेवट थिएटरमध्येच बघा" छाप लिहून ठेवतात, अरे तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाहीये, त्याला शेवट जमलाय का हेच तर बघायचंय. पिच डेक म्हणजे फोटो-रेफरन्सवाली पीडीएफ, ती सिरीजसाठी करतात, पिक्चरला सुरुवातीला नसली तरी चालतं, आणि नेटवरून उचललेल्या चकचकीत फोटोंनी कोणी भुलत नाही. प्रत्येक कागदावर तुमचं नाव, फोन, मेल असू दे, कारण पीडीएफ फिरत फिरत कुठे जाते आणि मग हे कोणाचं होतं ते कोणालाच माहीत नसतं.

चोरीची भीती

हा प्रश्न कट्ट्यावर सगळ्यात आधी येतो. तर खरं सांगायचं तर आयडियाला कॉपीराइट नसतो, आयडिया ज्या पद्धतीनं मांडून लिहिलीय त्याला असतो. सुप्रीम कोर्टानं १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये हे स्पष्टच केलंय. म्हणजे "नवऱ्याचं मरण लपवणारी बाई" यावर मी मालकी सांगू शकत नाही, पण माझे सीन, माझी पात्रं, त्यांची गुंफण यावर सांगू शकते. म्हणून पण लिहून संपवा म्हणतेय, जितकं जास्त लिहिलेलं तितकं जास्त तुमचं.

करायचं काय, तर स्क्रीनरायटर्स असोसिएशन (आधीची फिल्म रायटर्स असोसिएशन), तिचं ऑफिस अंधेरी वेस्टला आहे पण सगळं ऑनलाइन होतं, मेंबर व्हा, नवीन माणसालाही होता येतं, आणि सिनॉप्सिस, स्क्रिप्ट तिथे रजिस्टर करा. त्यानं अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं असा पुरावा तयार होतो. भांडण झालंच तर असोसिएशनची वाद सोडवायची कमिटी पण आहे. सरकारी कॉपीराइट रजिस्ट्रेशन वेगळं, ते कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, अर्ज केल्यावर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात आणि मग पुढची प्रोसेस. कॉपीराइट तसा लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण पुरावा म्हणून चांगलं.

आणि दुसऱ्याच्या कादंबरीवरून लिहिलं असेल तर आधी हक्क घ्या, मग पिच करा, उलटं नको. लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क वारसांकडे असतात. ज्यांच्या नावानं आपलं रंगायतन आहे ते गडकरी १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण आता सगळ्यांना मोकळं आहे, पण आजोबांच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचं तसं नसतं.

बोलायची तयारी

माझी पद्धत लोकलची आहे. ठाण्यात स्लो गाडी सुटली की मुलुंड यायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात छोटं पिच संपलं पाहिजे. घाटकोपरपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्यात पूर्ण गोष्ट, शेवटासकट. नवी मुंबईवाल्यांनी वाशी ते मानखुर्द आणि वाशी ते कुर्ला असा हिशोब धरा, खाडीपुलावर फोनची रेंज गेली तरी गोष्ट चालू राहिली पाहिजे. मी खरंच कानात इअरफोन घालून फोनवर बोलतेय असं दाखवून प्रॅक्टिस करायचे. एकदा "अगं पण तो मेलाय हे अजून कोणालाच माहीत नाही" असं बोलले आणि शेजारची बाई मुलुंड यायच्या आधीच उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

पण खरी परीक्षा ही नाही. खरी परीक्षा म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्या रोज संध्याकाळी डोंबिवलीच्या बहिणीशी अर्धा तास फोनवर बोलतात. मी त्यांना एका संध्याकाळी पाच मिनिटांत गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, काकू, मावशींना सांगितलीत का हो? तर म्हणाल्या, "सांगितली तर! म्हटलं एक बाई आहे, नवरा गेलेला लपवते, आणि दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला द्यायला कोणाला नेते माहितीय का, बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याला! नवऱ्याचाच शर्ट घालून! आणि तो शर्ट त्यानंच इस्त्री केलेला!"

आता गंमत बघा. मी त्यांना वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्याची पार्श्वभूमी सांगितली होती, भाच्याचं लव्ह अफेअर सांगितलं होतं, बिल्डरचं राजकारण सांगितलं होतं. त्यातलं काकूंनी डोंबिवलीपर्यंत काहीच नेलं नाही. शर्ट नेला. त्या दिवसापासून माझं पिच बँकेच्या लाइनीत सुरू होतं, बाईच्या शेजारी घाबरलेला इस्त्रीवाला, कॉलरला कडक स्टार्च, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतोय "काका, इथे सही करा". कारखाना कोणी विचारला तरच.

तुमच्याकडे पण अशा काकू शोधा, लेखक मित्र नको, ते स्ट्रक्चरबद्दल बोलतात. काकू काय विसरल्या ते लिहून काढा आणि पिचमधून उडवा, स्क्रिप्टमधून नाही, नुसतं पिचमधून. हे करताना जीव तुटतो पण करा.

कोणाकडे जायचं

थेट मोठ्या प्रॉडक्शन हाउसला मेल टाकला तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही, काही ठिकाणी तर ओळखीशिवाय आलेलं स्क्रिप्ट उघडतच नाहीत, कारण त्यांनाही उद्या चोरीच्या आरोपाची भीती असते. त्यातल्या त्यात चालणारे रस्ते म्हणजे एक, दिग्दर्शक. तुमच्यासारखाच धडपडणारा, एक-दोन शॉर्टफिल्म केलेला, तो स्वतः प्रोड्युसर शोधतच असतो आणि त्याला स्क्रिप्ट हवंच असतं. एकांकिका केली असेल तर अशी माणसं तुमच्या ओळखीत ऑलरेडी आहेत, ठाण्यात गडकरीला, घाणेकर नाट्यगृहाला, वाशीच्या भावे नाट्यगृहाला प्रयोगानंतर मागे जाऊन भेटा. दुसरं, लॅब, म्हणजे लेखकांच्या कार्यशाळा, आणि पिच फेस्ट, म्हणजे प्रोड्युसरांना गोष्टी ऐकवायचे मेळावे. एनएफडीसीची (सरकारी चित्रपट विकास महामंडळाची) स्क्रीनरायटर्स लॅब आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन पण स्क्रिप्ट लॅब आणि पिच फेस्ट भरवत असते, आणि गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीनं फिल्म बाजार (आताचं नाव वेव्हज फिल्म बाजार) भरतो, २००७ पासून चालू आहे, तिथे देशभरातले प्रोड्युसर एका जागी सापडतात. तिसरं म्हणजे कलाकार, पण नटाला स्क्रिप्ट आवडलं म्हणजे पिक्चर झाला असं नसतं, मी त्यात आठ महिने घालवलेत.

मेल टाकलाच तर चार ओळींचा टाका. कोण आहात, काय केलंय, लॉगलाइन, आणि "वनपेजर पाठवू का?" न विचारता १२० पानांची पीडीएफ जोडू नका. "आदरणीय महोदय, मी लहानपणापासून" हे तर नकोच नको.

खोलीत गेल्यावर

वेळेवर पोचा, म्हणजे घाटकोपरचा जिना आणि मेट्रोची लाइन यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा, घामाघूम होऊन गोष्ट सांगता येत नाही. प्रिंट बरोबर ठेवा. आधी विचारून घ्या, "किती वेळ आहे आपल्याकडे?" दहा मिनिटं म्हणाले तर दहाचं सांगा, वीसचं दहात कोंबू नका.

सुरुवात लॉगलाइननं, मग तुम्हाला ही गोष्ट का लिहावीशी वाटली ते दोन वाक्यांत, मग गोष्ट. सगळी पात्रं एकदम ओळख करून देऊ नका, लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर उभं राहिल्यासारखं होतं, समोरच्याला एकही नाव आठवत नाही. तीन माणसं पुरे, बाकी "तिचा जावई", "बिल्डर". आणि आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, इंटरव्हल कुठे? त्याचं उत्तर जिभेवर पाहिजे. माझ्या गोष्टीत इंटरव्हलला बाईला कळतं की नुसत्या सहीनं भागणार नाही, करार रजिस्टर करायला नवऱ्याला स्वतः जाऊन अंगठा आणि फोटो द्यावा लागणारे. हे सांगून मी थांबते, पाणी पिते. कीर्तनकार बघा ना, ऐन रंगात आलं की थांबून उपरण्यानं घाम पुसतो, सगळी मंडळी पुढे सरकून बसतात. ते थांबणं शिकण्यासारखं आहे. घाम खरा असतो की नाही देव जाणे.

पूर्ण नॅरेशनला, म्हणजे अख्खं स्क्रिप्ट ऐकवायला बोलावलं तर दीड-दोन तास लागतात, ती वेगळीच कसरत. सगळ्यांचे आवाज काढायला जाऊ नका, दृश्य आपल्या शब्दांत सांगा आणि महत्त्वाचे संवाद तेवढे कागदावरून वाचा. समोरचा फोन बघत असेल तर वाईट वाटून घेऊ नका पण तिथला भाग नंतर कागदावर मार्क करा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच जागी फोन बाहेर आला तर दोष फोनचा नाही.

आता माझी फजिती. एका ऑफिसमध्ये, नाव नाही सांगत, समोर जेमतेम पंचविशीतला मुलगा होता, छान ऐकत होता, शर्टवर हसला, इंटरव्हलला सरसावून बसला. संपल्यावर म्हणाला, "पण मॅम, नवरा गेल्यावर बायकोला फॅमिली पेन्शन मिळते ना? माझ्या आजीला मिळते. मग हिनं लपवायचं कशाला?" मी म्हटलं फॅमिली पेन्शन कमी असते. तो म्हणाला किती कमी? मला माहीत नव्हतं! आणि माहीत नाही म्हणायच्या ऐवजी मी वाद घालत बसले, महागाई, औषधं, स्वाभिमान, काय काय, दहा मिनिटं खोलीत फक्त पेन्शनचे नियम चालू होते, गोष्ट केव्हाच संपली होती. नकार आला तो बरोबरच होता.

पंधरा दिवसांनी भाजी चिरताना डोक्यात आलं की ती त्याची बायको नाहीच. कागदावर नाही. लग्न कधी झालंच नाही, कारण पहिली साताऱ्याला आहे, जिवंत, फॅमिली पेन्शन तिच्या नावावर जाणार, आणि नौपाड्यातली ही तीस वर्षं संसार केलेली बाई, हिला ना पेन्शन ना घर. एका झटक्यात गोष्टीला पोट मिळालं, आणि ते त्या मुलाच्या आजीमुळे. म्हणून प्रश्न आला की बचाव करू नका, "हे मी तपासलं नाहीये, बघते" म्हणा आणि त्याच्यासमोर वहीत लिहून घ्या. वहीत लिहिणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत चांगलं होतं, हा बोनस.

सही करायच्या आधी

काही ठिकाणी ऐकायच्या आधीच रिलीज फॉर्मवर, म्हणजे उद्या अशीच गोष्ट त्यांनी केली तरी दावा लावणार नाही अशा कागदावर सही मागतात, वाचा, फोटो काढून ठेवा, घाई केली तर नम्रपणे सांगा की वाचून करते. गोष्ट आवडली आणि करार आला तर तो लेखीच पाहिजे, कॉपीराइट कायद्यानं हक्क तोंडी देता येत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेत असं कायदा धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन समोरच्यानं एका वर्षात काहीच वापर केला नाही तर ते संपतात, पण हे करारात वेगळं लिहिलं नसेल तरच, आणि वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून तीच ओळ शोधून वाचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी लेखकाला सोडून देता येत नाही, कोणी "ते सगळं माफ आहे असं लिहून द्या" म्हणालं तर हे आठवा. श्रेय कुठे आणि कसं येणार तेही लिहून घ्या, "कथा" वेगळी, "पटकथा" वेगळी, "संवाद" वेगळे. असोसिएशनकडे नमुन्याचे करार आहेत, तेवढ्यासाठी पण मेंबरशिप वसूल होते.

नंतर

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा थँक्यू मेल, वनपेजर जोडून, म्हणजे त्या मुलाला वर सांगताना शोधायला नको. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण, मग महिन्यानं एकदा, मग सोडा. "बघतो, कळवतो" म्हणजे बहुतेक वेळा नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ब्लू टिक मोजत बसू नका, मी बसलेय.

आणि जाताना दुसरी गोष्ट खिशात ठेवा. पहिली आवडली नाही तरी उठता उठता विचारतात, "अजून काय आहे?" पेन्शनच्या त्या मीटिंगनंतर त्या मुलानं पण विचारलं होतं, लिफ्टपर्यंत सोडायला आला तेव्हा. माझ्याकडे एक अर्धी कच्ची सिरीज होती, खारघरच्या एका रिकाम्या टॉवरमध्ये एकट्याच राहायला आलेल्या कुटुंबाची. लिफ्ट तळमजल्यावरून वर येईपर्यंत मी ती सांगितली, आधीचं सगळं रागाच्या भरात विसरून, तीन वाक्यांत. तो म्हणाला "मग?" आणि लिफ्ट आली. ते माझं पहिलं काम. इस्त्रीवाला अजून माझ्याकडेच आहे, शर्टासकट, कोणी दिग्दर्शक शोधत असेल तर सांगा.